हलका घाव

गावात उंच इमारती नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका गच्चीवर लोखंडी कड्या होत्या. त्यांना दोर बांधून रंगारी बाहेरच्या भिंतीवर लटकत. म्हातारा भिवा रंगारी आधी प्रत्येक कडीवर हातोडा मारी आणि विचारी, "काय गं बाई, बरी आहेस ना?" आवाज खणखणीत आला, तरच तो दोर बांधी.

कोपऱ्यातली कडी आतून गंजली होती. ती हातोड्याला म्हणाली, "हळू मार रे, फार दुखतं." हातोड्याला दया आली. तो हलकेच टेकला. वरवरचा आवाज खणखणीतच आला; आतला गंज भिवाला ऐकूच आला नाही, आणि त्याने तिलाच दोर बांधला.

दुपारी कडी तुटली. भिवा घरी परतला नाही.

आता नव्या रंगाऱ्याच्या हातात तोच हातोडा असतो. कड्या कळवळतात.

"दुखू दे," हातोडा म्हणतो, आणि रडत रडत पुन्हा जोरात मारतो.