वडाची वेडीवाकडी फांदी

झाडांचं बोलणं शेळ्यांनाही कळे, त्या काळची ही गोष्ट. भागूमावशीच्या बागेत वडाचं एक रोप जमिनीत वाढत होतं. जाड खोडाचं बुटकं झाड करून ते कुंडीत लावायचा मावशीचा बेत होता. तिने शेंडा छाटला, पण बुंध्याजवळची एक वेडीवाकडी फांदी मोकळी वाढू दिली.

रोपाला तिची लाज वाटे. एकदा बागेत चरायला आलेल्या शेळीला ते म्हणालं, "शेळीताई, एवढी फांदी खाऊन टाक ना!"

शेळी पुढे झाली. फांदी म्हणाली, "खा गं बाई. पण आधी याचं खोड बघ. माझ्या पानांनी कमावलेलं सगळं तिथंच गेलंय."

शेळीने पाहिलं. फांदीच्या वरचं खोड बोटाएवढं, खालचं मनगटाएवढं! "अरे, हीच तर तुला पोसतेय," म्हणत ती गवताकडे वळली. रोप ओशाळलं.

पुढे खोड हवं तेवढं भरलं, फांदीचं काम संपलं आणि मावशी करवत घेऊन आली. "मावशी, हिला नको गं तोडू!" रोप रडू लागलं.

"वेडोबा, आता तिला तिचा संसार मांडू दे," म्हणत मावशीने फांदी कापून शेजारच्या ओल्या मातीत रोवली.

तिला नवं पान फुटलं, तेव्हा एव्हाना कुंडीत लावलेला वड येईल त्याला सांगत होता, "ही माझी धाकटी बहीण. पण मला मोठं हिनंच केलं."