चौऱ्याऐंशी वर्षांचा टिप्या

इनामदारांचा कुत्रा टिप्या बारा वर्षांचा झाला. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, म्हणून इनामदारांनी थाटात त्याचं सहस्रचंद्रदर्शन मांडलं आणि गावाला फर्मावलं, "चौऱ्याऐंशीचा वडीलधारा आहे. सगळ्यांनी पाया पडा."

इनामदारांच्या गड्यांनी कोंडाबाई कुंभारणीच्या ऐंशी वर्षांच्या सासऱ्यालाच आधी पुढे ढकललं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पदर सावरून ती गोड आवाजात म्हणाली, "पडतो की, सरकार. पण रीतीनं आधी घरचे धाकटे पडतात. तुम्ही तर साठीचेच. आणि हे तुमचे वडीलधारे खाली जमिनीवर, तुम्ही गादीवर?"

इनामदार अर्धवट उठले, पुन्हा बसले. टिप्यानं जांभई दिली.

"बाराचाच आहे तो," इनामदार पुटपुटले.

"मग त्याला सांगा," कोंडाबाई म्हणाली, "आमच्या मामंजींच्या पाया पड."