पोपटाचा निवाडा

जनावरं मिरचीसाठी जीव टाकायची त्या काळची ही गोष्ट. एका रानात झिपरी खार चित्रविचित्र मिरच्या पिकवायची. कुठली जांभळासारखी काळी, कुठली विंचवाच्या नांगीसारखी वळलेली. मिरची तिखट की फिकी, हा निवाडा तिथे पोपट करी, कारण काहीही खाल्लं तरी त्याच्या डोळ्यांत टिपूस येत नसे. पाखरांना तिखट लागतच नाही, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

त्या वर्षी पोपटाने नांगी मिरची अख्खी खाल्ली आणि मान उडवली. "फिकी! यापेक्षा गवत बरं."

मग अस्वलाने आणि माकडाने ती चाखली. अस्वलाच्या नाकातोंडातून पाणी वाहू लागलं, माकड स्वतःचीच शेपटी चावत बसलं. "अगदीच फिकी," दोघंही हुंदके देत म्हणाली.

तीच मिरची चाखून झिपरीची जीभ सुजली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पिल्लंसुद्धा खातात ती गोडसर ढोबळी मिरची पानात धरून आणली. "जपून हं पोपटराव, ही जीव घेते."

पोपटाने एक तुकडा गिळला आणि डोळे मिटले. "वा! याला म्हणतात तिखट!"

अस्वलाने आणि माकडाने एकेक घास घेतला मात्र, बोंबलत ओढ्यात उड्याच टाकल्या.

उरलेली ढोबळी झिपरीने सगळ्यांदेखत मटकावली. ओढ्यातून अस्वल ओरडलं, "बघा, डोळ्यांत टिपूस नाही! पुढच्या वर्षी निवाडा हिनेच करायचा!"

"त्यापेक्षा एखादा धोंडा बसवा," झिपरी म्हणाली. "तोही रडत नाही."