घोंगडीतला चोर

महाराजांचा पानाचा डबा हरवला आणि दुपारच्या आत चोर सापडलासुद्धा! चंदनगडचे कोतवाल दमाजीराव याच गोष्टीसाठी नावाजलेले होते. डबा काही सापडला नव्हता, पण चोर सापडला होता. गणोजी तांबट. डब्याची बिजागरी नीट करून त्यानेच तो आदल्या दिवशी राजवाड्यात पोचवला होता, मग चोरायला आणखी कोण येणार? शिक्षा ठरलेली, उजवा हात तोडायचा. तांबटाचा उजवा हात गेला तर त्याने हातोडा काय दातांत धरायचा?

गणोजीची बायको येसू वकिलांचे उंबरे झिजवू लागली. पहिला म्हणाला, "मी फक्त निर्दोष माणसांचं वकीलपत्र घेतो, आणि दमाजीरावांनी पकडलेला माणूस निर्दोष निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही." दुसऱ्याने पोक्त सल्ला दिला, "गुन्हा कबूल करून टाक म्हणावं. जेवणाच्या आत मोकळे व्हाल." तिसरा उभा राहायला तयार होता, फक्त तोंड उघडणार नव्हता.

"गप्प राहणारा माणूस माझ्या घरी होताच," येसू म्हणाली. "त्यालाच तर धरून नेलंय." तिने पदर खोचला आणि कचेरीची वाट धरली.

तिथली तऱ्हाच न्यारी. चोराचं तोंड पाहिलं की दिवस वाईट जातो, अशी महाराजांची समजूत होती, म्हणून आरोपीला डोक्यापासून पायांपर्यंत घोंगडीत गुंडाळून उभं करत. महाराज स्वतः बांबूच्या चिकाच्या पडद्याआड लोडाला टेकून बसत. खटला ऐकता ऐकता डोळा लागला तर रयतेला दिसायला नको! साक्षीदार तिघे आणि ते नेहमीचेच. राज्यातला प्रत्येक गुन्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असे. मागच्या दसऱ्याला तर वेशीवरची मारामारी आणि वीस कोसांवरची म्हैसचोरी त्यांनी एकाच वेळी पाहिली होती.

"या आरोपीची वकील मी," येसू म्हणाली.

पडद्याआडून आधी जांभई आली, मग आवाज. "बाई, चोरी होताना तिघांनी पाहिलंय. चोरी न होताना पाहिलेला एक तरी साक्षीदार आण. लगेच सोडतो तुझ्या नवऱ्याला."

कचेरी खो खो हसली. येसूची जीभ मात्र शाबूत होती. "न घडलेलं पाहणारी माणसं ना, महाराज? तशी तीन तर कोतवालसाहेबांच्या पदरीच आहेत."

हसू थांबलं. "जवळ ये," महाराज म्हणाले.

येसू पडद्याशी गेली आणि हळूच बोलली, "आमच्या तांबटआळीत वाजवून पाहिल्याशिवाय कुणी भांडं घेत नाही. आपण या साक्षी कधी वाजवून पाहिल्यात?"

"साक्ष कशी वाजवायची?"

येसूचा आवाज आणखी खाली गेला. ती काय बोलली ते महाराजांखेरीज कुणालाच ऐकू गेलं नाही. महाराज म्हणाले, "खोटी ठरलीस तर तुझाही हात जाईल."

"एकाचा गेला तरी घर उपाशीच, महाराज. दोघांचे गेले तर वेगळं काय व्हायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांच्या खासगी शिपायाने आरोपीला आणून उभं केलं. साक्षीदार पुढे आले.

"चोर हाच का?" येसूने विचारलं.

"हाच. शंभर घोंगड्यांत ओळखीन," पहिला म्हणाला. "उभं राहण्याची ढबच चोराची आहे."

दुसरा म्हणाला, "डबा काखोटीला मारून पळताना पाहिलाय मी याला. असली खोड रक्तातच असते. बापही चोरच असणार याचा."

तिसऱ्याला बापाच्याही वरचढ काही सुचेना. त्याने नुसतं "हाच, हाच" म्हटलं.

येसू कोतवालाकडे वळली. "तुम्हालाही खात्री आहे?"

"खात्री?" दमाजीरावांनी मिशीवर ताव दिला. "काल माझ्या दोन रट्ट्यांत याने कबुली दिली. पाया पडून रडत होता."

येसूने घोंगडी ओढली. आत महाराज उभे होते, रागाने लालबुंद.

महाराज तरातरा पडद्याआड गेले आणि लोडावर आदळले. "मी चोर काय? माझा बाप चोर काय? मग माझा डबा कुठे..." आणि ते मध्येच थांबले. काहीतरी टोचत होतं. त्यांनी लोडाखाली हात घातला आणि डबा बाहेर काढला. परवा पान खाता खाता डुलकी लागली होती, ती त्यांना आत्ता आठवली.

दमाजीरावांना बुडता बुडता काडी सापडली. "पाहिलंत, महाराज? डबा तुमच्याकडेच निघाला! माझे साक्षीदार खरंच बोलत होते!"

महाराजांना घाम फुटला. साक्ष खोटी म्हणावी, तर याच तिघांच्या शब्दावर आजवर तोडलेल्या हातांचा जाब कोण देणार? खरी म्हणावी, तर स्वतःचाच हात जातो. त्यांनी येसूकडे पाहिलं. "आता गं?"

"आता कायदा आपलाच, महाराज. तीन साक्षी झाल्या, वर कबुलीही झाली. शहरातला एकही वकील आपल्यासाठी उभा राहायचा नाही, मी विचारून आलेय." येसूने हात जोडले. "पण घाबरू नका. आपलं वकीलपत्र मी घेते. माझ्या नवऱ्याला सोडा, तीच माझी फी."

मग महाराज असे काही हसले की चिकाचा पडदा सुटून खाली पडला. तो पुन्हा कुणी बांधला नाही.

गणोजी त्याच पावली घरी गेला, दोन्ही हात शाबूत. खोट्या साक्षीबद्दल तिघा साक्षीदारांची आणि दमाजीरावांची रवानगी कोठडीत झाली. येसूला राजवस्त्र मिळालं आणि कचेरीत महाराजांसमोर कायमची बसायची जागा मिळाली. ती जागेवर नीट टेकते न टेकते, तोच कोठडीतून निरोप आला. दमाजीरावांना वकील हवा होता.