सरनोबतांचा कोट आणि आमचं ऑइल पॅन

एका श्रावणात मी महादेवापुढे बोलले होते, की महिनाभर कुणाला टोचून बोलणार नाही. नेमकी त्याच महिन्यात कोल्हापुराहून पन्हाळ्यापर्यंत जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती. आमच्या यांनी सासऱ्यांची मोटारसायकल तीन वर्षं खपून त्यासाठी उभी केली होती. चढावर इंजिन तापायचं, म्हणून जास्त तेल मावेल असं मोठं ऑइल पॅन त्यांनी इंजिनाखाली बसवलं होतं.

परीक्षक होते तात्यासाहेब सरनोबत. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वामनराव, हे पॅन मूळचं नाही. गाडी बाद."

यांचा चेहरा उतरला. माझ्या जिभेवर काय काय आलं, पण व्रत आठवलं.

मी म्हटलं, "तात्यासाहेब, कोट फार सुरेख आहे हो. जुना दिसतो."

"आजोबांचा आहे, वहिनी. अगदी अस्सल."

"आणि शिवण किती सुबक. दोन्ही बाजूंना पट्ट्या घालून पोटाशी सैल केलाय, पण पटकन कळतसुद्धा नाही."

"करावाच लागला. बटण लावलं की जीव गुदमरायचा."

"तर काय. पोटाला जागा नको? म्हणून कोट आजोबांचा राहिला नाही, असं कोण म्हणेल? आमच्या गाडीचंही तेवढंच केलंय."

तात्यासाहेब क्षणभर बटणाशी चाळा करत राहिले. मग पोट हलेपर्यंत हसले आणि यांच्या हाती क्रमांकाची पाटी देत म्हणाले, "निघा. पन्हाळ्यावर चहा माझ्याकडे."

बायांनो, येत्या श्रावणात तुम्हीही हे व्रत धरा. टोचू नका, कौतुक करा. फक्त करण्याआधी माणूस नीट निरखून घ्या.