आमरीची तीन मुळं

एकदा एक केरबा नावाचा गृहस्थ, वयानं तिशी ओलांडलेला, वडिलांचा पानमळा भावांच्या हाती सोपवून घाटमाथ्यावरच्या एका वृद्धाकडे झाडांची विद्या शिकायला जाऊन राहिला. त्या वृद्धाला सगळे बाबा म्हणत. बाबांची बाग आमरीची होती. आमरी म्हणजे ज्याला हल्ली लोक ऑर्किड म्हणतात ते झाड. काही झाडं फांद्यांना बांधलेली, काही कुंड्यांत. कुंडी म्हणजे तरी काय, चहूबाजूंनी भोकं पाडलेलं मातीचं भांडं, आणि आत कोळशाचे तुकडे, विटेचे खडे, नारळाची सोडणं. माती चिमूटभरही नाही. रानात ही झाडं दुसऱ्या झाडाच्या अंगावर राहतात, पण त्याचं काही खात नाहीत. त्यांची मुळं वाऱ्यावर लोंबतात आणि पावसा-दवाची ओल तेवढी टिपून घेतात.

त्या बागेत एक कुंडी परक्याची होती, खालच्या गावातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याची. त्याच्या आईनं दारच्या फणसावर तीस वर्षं सीतेची वेणी वाढवली होती. ही आमरीचीच एक जात, तिचा फुलोरा वेणीसारखा खाली लोंबतो. नव्या घरासाठी फणस तोडावा लागला, तेव्हा झाड बाबांकडे आलं. म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी फार दिवसांची आशा दिली नव्हती. ती मुलाला रोज एकच विचारी, वेणी फुलली का. यंदाचा फुलोरा तुला दाखवीन आणि झाडही परत दारात आणीन, असा शब्द व्यापाऱ्यानं तिला दिला होता.

फाल्गुनात बाबांच्या बहिणीचं दुखणं निघालं आणि त्यांना दीड महिना परगावी जावं लागलं. जाताना त्यांनी केरबाला कुंडीपाशी उभं करून सांगितलं, की पाणी घालण्याआधी कुंडी हातांनी उचलून बघायची. हलकी लागली तर घालायचं, जड लागली तर पुढे जायचं. मूळ पांढरं दिसलं तर ते तहानेलं, हिरवं दिसलं तर त्याचं भागलेलं. आणि बाहेर आलेलं मूळ आत कोंबायचं नाही, त्याला वारा लागतो.

केरबानं आठवडाभर तसंच केलं. मग उन्हाची झळ वाढली आणि व्यापाऱ्याच्या झाडाच्या पानांवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या. केरबाचा जन्म पानमळ्यातला. तिथं वेलाखालची जमीन सुकू देत नाहीत, आणि मूळ उघडं पडलेलं दिसलं की माणूस हातातलं काम टाकून आधी त्यावर माती ओढतो. ही लोंबणारी मुळं पाहून त्याला पहिल्यापासूनच कसंसं व्हायचं, जणू कुणाचं अंग उघडं पडलंय. एका सकाळी त्यानं ती मुळं हलकेच वळवून कुंडीत घेतली, वरून तळ्याकाठची चिकण माती लिंपली आणि तांब्याभर पाणी घातलं. पानं काही तरतरीत होईनात. दुसऱ्या दिवसापासून तो दोन तांबे घालू लागला.

पंधराएक दिवसांनी कुंडीशी वाकला असताना त्याला वास आला, तुंबलेल्या मोरीचा असतो तसा. तो थांबला. आत बोट घालून बघावं असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं बोट घातलं नाही, तांब्या उचलला. पुढे वास आला की तो पाणी जरा जास्तच घाली, आणि घालताना तोंड दुसरीकडे करी.

तशाही स्थितीत झाडानं फुलोरा धरला. वीतभर लांब, कळ्यांनी गच्च. केरबानं मनाची समजूत घातली, की मरणारं झाड कुठं फुलतं का.

वैशाखात बाबा परतले. व्यापाऱ्याचा निरोप आधीच येऊन पडला होता, की उद्या सकाळी झाड न्यायला येतो. हातपाय धुऊन बाबा बागेतून फिरले आणि त्या कुंडीपाशी उभे राहिले. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. धोंड्यासारखी जड. परत होती तिथं ठेवली आणि केरबाकडे न बघताच विचारलं, "पाणी कसं घालत होतास?"

"तुम्ही सांगितलं होतं तसंच, बाबा."

"बरं," म्हणून बाबा आत गेले.

केरबाचा सारा हिशेब एका गोष्टीवर येऊन थांबला होता. उद्या दहापर्यंत कुंडी गाडीत चढली, की सुटलो. फुलोरा म्हातारी बघेल. झाड मेलं तर व्यापाऱ्याच्या अंगणात मरेल, आणि अंगणात मेलेल्या झाडाला विचारणारं कोण आहे?

सकाळी व्यापारी आला. देठाकडची दहा-बारा फुलं उमललेली पाहून त्याचा चेहरा फुलला. पानं मलूल का, असं त्यानं विचारलं खरं, पण उत्तरासाठी तो थांबला नाही. आई कालपासून काही खात नाही, चटकन निघायला हवं, असं म्हणत त्यानं कुंडीला हात घातला. केरबाही लगबगीनं उचलू लागायला पुढे झाला.

"शेठ, तेवढी खाली ठेवा," बाबा म्हणाले.

आणि खाली ठेवताच त्यांनी कोयत्याच्या पाठीनं कुंडी फोडली.

व्यापारी दोन पावलं मागं सरला. खापऱ्या बाजूला झाल्या, चिखलाचा गोळा उघडा पडला आणि तो वास सगळीकडे पसरला. बाबांनी चिखल धुऊन काढला. एकेक मूळ ते दोन बोटांत धरून दाबत होते. दाबलं की साल सटकन निघून हातात येई आणि मागं नुसता दोरा राही. अशी मुळं ते कापत गेले. सत्तावीस मुळांतली तीन राहिली. ती टणक होती. मग त्यांनी कोयत्याचं पातं जाळावर धरून निववलं आणि कुणाला काही कळायच्या आत फुलोराही देठापासून कापला.

"म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे का?" व्यापारी गरजला. "माझी आई तिकडं मरणाला टेकलीय आणि तुम्ही तिचं झाड सोलून ठेवलंत."

बाबांनी फुलोरा ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. म्हणाले, "हा पाण्यात ठेवा, चार दिवस टिकेल. तेवढा आईंना दाखवा. झाडाला आता तीनच मुळं आहेत, त्यांना फुलं पोसवणार नाहीत. मरायला लागलेलं झाडही फुलतं शेठ, कधी कधी जास्तच फुलतं."

"हे केलं कुणी?"

बाबा कापलेल्या जागी हळद लावत होते. त्यांनी मान वर केली नाही, केरबाकडे पाहिलंही नाही. व्यापारी मात्र एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

"मी केलं," केरबा म्हणाला. "माती मी घातली, पाणी मी घातलं. आणि काल बाबांना खोटं सांगितलं."

"पानमळ्यातला ना तू?" व्यापारी कडवटपणे म्हणाला. "मग आता ह्याच्या पानांचा विडा लाव आणि खा." झाड जगेल का, असं त्यानं जाताना विचारलं. सांगता येत नाही, असं बाबा म्हणाले. फुलोरा छातीशी धरून तो निघून गेला.

बाबांनी झाडाला सुतळी बांधली आणि कुंडीविना तसंच सावलीतल्या फांदीला टांगलं. केरबानं खाली मान घालून विचारलं, तुम्हाला कालच कळलं होतं, मग कालच का नाही फोडलीत?

"एका रात्रीनं मुळांचं अधिक काही बिघडणार नव्हतं," बाबा म्हणाले. "तू सांगायला येशील म्हणून थांबलो."

मग ते कट्ट्यावर टेकले आणि सावकाश बोलू लागले.

"पान खोटं बोललं नव्हतं केरबा. त्याची तहान खरी होती. पण मातीखाली पिणारं तोंडच कुजलं. तू वरून जितकं ओतलंस, तितकं ते खाली अधिक कुजत गेलं आणि पान अधिक तहानलं. ही चूक होते, तिचं मला काही नाही. तुझे हात ज्या मातीत वाढले, तिथली सवय आहे ती. पण वास आला त्या दिवशी तुला बोट घालावंसं वाटलं असेल. वाटलं ना?"

केरबानं होकाराची मान हलवली.

"त्या दिवसापासून तू पाणी झाडासाठी घालत नव्हतास, बघावं लागू नये म्हणून घालत होतास. पाणी घालताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. बघितलं तर कळतं, आणि कळलं की सांगावं लागतं."

तीन दिवस झाडाला थेंबभरही पाणी नाही, त्यानंतर रोज सकाळी नुसता तुषार, आणि केरबानं एकेक मूळ डोळ्यांनी तपासायचं, असं ठरलं. व्यापाऱ्याच्या आईनं फुलोरा उशाशी ठेवून घेतल्याचं कळलं. झाडाचं काय झालं, असं ती विचारत होती. तिला काय सांगावं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकविसाव्या दिवशी केरबा झाडाखालून सरळ बाबांकडे आला. बाबा डाळ निवडत होते.

"बाबा, बुंध्याशी एक नवं मूळ निघालंय, ज्वारीच्या दाण्याएवढं, टोकाला हिरवं," तो म्हणाला, आणि श्वासही न घेता पुढे म्हणाला, "जुन्या तिन्हींतलं एक मऊ लागतंय. कालही जरा मऊ वाटलं होतं. आज दाबून पाहिलं, गेलंय."

बाबांनी हातातलं सूप खाली ठेवलं. आत जाऊन कोयता आणला, पातं जाळावर धरलं, आणि मूठ केरबाच्या हातात दिली.

आपल्यावर ज्यांचा भार आहे, त्यांच्यापाशी गेल्यावर हातातलं भांडं रितं करण्याआधी एकदा खाली वाकून बघावं, इतकंच.