नुसतं लोटलेलं दार

“आता किती गाठी मारू, बाबा?”

शमशूच्या हातात काळा दोरा होता. आधीच्या एका गुरुवारी त्यानं पाच गाठी मारल्या होत्या, मागच्या गुरुवारी सात.

गावाबाहेर फकिरांचा जुना तकिया आहे. तिथं हैदरशा बाबा सुपात मसूर निवडत बसले होते. शमशू त्यांचा शिष्य. तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला पुष्कळ येतं असं त्याला वाटायला लागलं होतं.

समोर सुगंधा बसलेली. मांडीवर अडीच महिन्यांची पोर.

“इथं आली की ही बरी असते,” शमशू म्हणाला. “बायकांत बसून जेवते. झोपते. म्हणजे दोरा लागू पडतो. घरी गेली की उतरतो. अकरा मारतो.”

“तिला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? बाहेरचं आहे. डोळे बघा की.”

बाबांनी खडा काढून टाकला.

“काय होतं गं, पोरी?”

सुगंधानं नवऱ्याकडं पाहिलं. तो लांब, फटफटीजवळ उभा होता.

“मला माझ्या हातांची भीती वाटते, बाबा.”

“हातांची?”

“पोर झोपली की वाटतं, हे हात तिच्या नाकातोंडावर जातील. मग मी ते पदरात गुंडाळून घेते. मग वाटतं, गुंडाळलेत आणि तिला ठसका लागला तर… मग सोडते. दिवसभर हेच.”

बाळ एवढंसं असताना त्याचा श्वास चालतोय का बघायला सारखं वाकावं लागतं. ज्या बाईनं ते केलंय तिला हे वेगळं सांगायला नको.

“जवळ कोण असतं?”

“कुणी नाही. हे दिवसभर शेतावर.”

“सासू?”

“पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला माझा. म्हणून गल्लीत ठरलंय, हिचे तीन महिने उलटेपर्यंत कुणी माझ्या ओट्यावर चढायचं नाही. हिला हात लावायचा नाही. नावसुद्धा ठेवायचं नाही. सासूबाई ताट पायरीवर ठेवून जातात.”

“किती दिवस राहिले?”

“अठरा.”

शमशू हलकेच हसला. “बघा. गल्लीनं पण ओळखलंय.”

“तुला तर सगळंच ओळखू येतं,” बाबा म्हणाले. “मग एक काम कर. हिच्या नवऱ्याबरोबर जा आणि हिच्या खोलीत बस. ही इथं आलीय हे गल्लीत कुणाला ठाऊक आहे?”

सुगंधानं नकारार्थी मान हलवली. उजाडायच्या आधीच निघाले होते ते.

“मग दार लोटून घे. कडी लावू नकोस. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुपारच्या बांगेपर्यंत.”

“एवढंच?”

“एवढंच.”

शमशूनं दोरा खिशात टाकला आणि गेला. नवऱ्यानं त्याला मागच्या बोळानं आणून खोलीत सोडलं आणि तो शेतावर गेला.

खोली लहानशी होती. खिडकीला गोधडी ठोकलेली. एक बाज, एक पाळणा.

थोडा वेळ तो ऐटीत बसला. मग पाऊल वाजलं. पायरीपर्यंत आलं आणि थांबलं.

“आहे का गं?”

सुगंधाची सासू, कोंडाबाई. ताट ठेवल्याचा आवाज झाला.



“सुगंधा. आहे का?”

कोंडाबाई रोज असंच विचारायच्या. काय आहे का, ते म्हणायच्या नाहीत.

मग दुसरं पाऊल आलं. तिसरं. बायका जमल्या. कुजबुज सुरू झाली.

“आवाज नाही ना?”

“रडल्याचं पण नाही आज.”

“मागच्या वेळी पण असंच…”

“तू नको चढू, कोंडाबाई. तुझ्या धाकट्या सुनेचं पोर तान्हं आहे.”

शमशूनं पाळण्याकडं पाहिलं. पाळणा रिकामा आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी तो उठला आणि आत हात घालून चाचपून आला.

बाहेर कुणीतरी मुसमुसायला लागलं.

“गेलं वाटतं.”

दार नुसतं लोटलेलं होतं. बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

कुणी ढकललं नाही.

आत कुणी मेलेलं नव्हतं. तरी शमशूला वाटायला लागलं, मेलंय. आपल्याच हातून मेलंय. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बांग व्हायच्या कितीतरी आधी तो दार उघडून बाहेर पडला. “पोर तकियात आहे,” एवढंच बायकांना म्हणाला.

तो तकियात शिरला तेव्हा त्याच्यामागून गल्लीतल्या चार बायका आल्या. पुढं कोंडाबाई. पायात चपला नव्हत्या.

सुगंधा चिंचेखाली पोरीला पाजत बसली होती. तिच्या भोवती परगावच्या दोघीतिघी होत्या. एकीनं तिच्या केसांना तेल लावायला घेतलं होतं.

कोंडाबाईंनी पोरीकडं पाहिलं. पोरीनं पाय झाडला. कोंडाबाई मटकन खाली बसल्या, पण लांबच.

“लवकर आलास,” बाबा शमशूला म्हणाले.

“बाबा… तिला बाहेरचं काही नाही.”

“मग काय आहे?”

“मला नाही माहीत.” तो स्वतःच्या तळव्यांकडं बघत होता. “मी एक सकाळ बसलो. ती अडीच महिने बसलीय.”

बाबा उठले. सुगंधाच्या मांडीवरून त्यांनी पोर घेतली आणि कोंडाबाईंपुढं धरली.

“घ्या.”

“नको, बाबा. आणखी अठरा दिवस जाऊ द्या.”

“घ्या, कोंडाबाई.”

“तुम्हाला माहीत नाही.” त्यांचा आवाज खाली गेला. “तो माझ्या मांडीवर गेला. मी अंगाई म्हणत होते. कळलंच नाही मला कधी… गल्लीला मीच सांगितलं, हिच्याकडं जाऊ नका म्हणून. लोकांना वाटतं, हिची सावली वाईट. मी बोलले नाही.”

सुगंधा सासूकडं बघत राहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो गेला तेव्हा ती नदीवर धुणं धूत होती.



मग सुगंधा उठली. कोंडाबाईंच्या शेजारी येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

बाबांनी पोर कोंडाबाईंच्या हातांवर ठेवली. हात इतके कापत होते की पोरीचं टोपडं हलत होतं. सुगंधानं खालून आपले हात लावले. तिचेही कापत होते.

“बाबा, घ्या हिला,” कोंडाबाई म्हणाल्या. “हात कापतात माझे.”

“कापू देत.” बाबा मागच्या तिघींकडं वळले. “आणखी कुणाकुणाला भीती वाटते? या इकडं. एकेकीनं घ्या.”